अंगणांतील सिल्व्हर ओक



गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वैनगंगेपासून जवळच, एक गांव आहे. रेल्वेच्या पाटीवर त्याचें नांव वडसा आणि नगरपरिषदेच्या पाटीवर देसाईगंज. एका गांवाला दोन नांवें असल्यामुळें तेथील माणसांना नांवाच्या घोटाळ्याचें फारसें नवल वाटत नाहीं. ज्या झाडाविषयीं आजचें हें भाषण आहे त्याची गोष्ट मात्र उलटी आहे. तेथें एका नांवाखालीं दोन अगदीं निराळीं झाडें उभीं आहेत, आणि या घोटाळ्यापायीं कित्येक घरांतील पैसा, श्रम आणि तीन-चार वर्षांची आशा वाया जाते.

या भागांतील एखादा हौशी गृहस्थ पांचगणीस जाऊन येतो. तेथें रस्त्याच्या कडेला सरळ उंच वाढलेलीं, नेच्यासारख्या कातरलेल्या पानांचीं झाडें तो पाहतो. वारा सुटला कीं पानांची खालची बाजू उलटते आणि सारें झाड रुपेरी दिसूं लागतें. घरीं परतल्यावर आपल्याही दारापुढें असें एक झाड असावें, असें त्याला वाटतें. रोपवाटिकेंत चौकशी केली तर 'सिल्व्हर ओक' या नांवानें रोप मिळतें. इंग्रजी पुस्तकांत ज्याचें वर्णन वाचलें, जो शेंकडों वर्षें जगतो आणि ज्याच्या लाकडाचीं इंग्रजांनीं आरमारें उभारलीं, तोच ओक आपल्या अंगणांत आला, या समाधानांत गृहस्थ रोप लावतो. (इंग्रजांना ओक अपुरा पडूं लागला तेव्हां त्यांनीं मुंबईच्या गोदींत सागाचीं जहाजें बांधवून घेतलीं. १८१७ सालीं तेथें पाण्यांत सोडलेलें 'त्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज इंग्लंडांत अद्यापि जपून ठेवलेलें आहे. साग तर झाडीपट्टीचें घरचें झाड. त्यासाठीं कोणी पांचगणीस जाण्याची गरज नाहीं. असो.)

खरा ओक हा थंड व समशीतोष्ण प्रदेशांचा रहिवासी. त्याच्या चारशेंहून अधिक जाती युरोप, अमेरिका, चीन, जपान आणि हिमालय या भागांत पसरलेल्या आहेत. कुमाऊं-गढवालांत त्याच्या एका जातीला बांज म्हणतात. तेथील बायका जनावरांसाठीं त्याचा पाला तोडून आणतात, आणि बांजाच्या रानांत झरे टिकून राहतात असा तेथील लोकांचा अनुभव आहे. दक्षिणेकडील द्वीपकल्पांत, म्हणजे विदर्भांतही, तो मूळचा नाहीं. त्याचें फळ टोपी घातलेल्या सुपारीसारखें दिसतें. तें वाळलें कीं आंतील जीव जातो. म्हणून नैनितालहून खिशांत घालून आणलेलें आणि महिना-दोन महिने फळीवर पडलेलें बीज पेरण्यांत कांहीं अर्थ नसतो. तें ताजें मिळालें आणि रुजलें, तरीही वडशाचा पहिला नवतपा त्याला सोसणें कठीण.

रोपवाटिकेंत मिळतो तो सिल्व्हर ओक याहून सर्वस्वीं वेगळा. त्याचें शास्त्रीय नांव ग्रेव्हिलिया रोबस्टा. चार्ल्स ग्रेव्हिल नांवाच्या इंग्रज वनस्पतिप्रेमीच्या स्मरणार्थ या कुळांतील झाडांना हें नांव मिळालें. झाड ऑस्ट्रेलियाचें, त्यांतही पूर्व किनाऱ्याचें. ओकाशीं त्याचें कसलेंच नातें नाहीं. परंतु त्याचें लाकूड चिरलें असतां त्यांत ओकाच्या लाकडासारखी चकचकीत नक्षी उमटते. म्हणून तेथील सुतारांनीं त्याला 'रेशमी ओक' म्हटलें, आणि हिंदुस्थानांत येतां येतां पानांच्या रंगावरून तो 'रुपेरी ओक' झाला. एकोणिसाव्या शतकांत चहाच्या व कॉफीच्या मळ्यांबरोबर तो श्रीलंकेंत, निलगिरींत आणि कोडगूंत पसरला. मळेवाल्यांना विरळ सांवलीचें, झपाट्यानें वाढणारें आणि सरळ खोडाचें झाड हवें होतें. मिरीचा वेल चढविण्यासही तें उपयोगी पडलें. पांचगणी वसविणाऱ्या जॉन चेसन यांनीं तेथें जीं परदेशी झाडें लावविलीं, त्यांत सिल्व्हर ओकाचें नांव आवर्जून घेतलें जातें.

आतां येथेंच खरी मेख आहे. पांचगणी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १३०० मीटर उंचीवर, जांभ्या दगडाच्या उतारावर वसलेली. पाऊस पडला कीं पाणी डोंगराच्या कडेनें वाहून जातें. वडसा त्या मानानें सखल भागांत, सुमारें सव्वादोनशें मीटरांवर. हा धानाचा मुलूख. धानाच्या बांधींत पाणी थांबावें, निदान चार महिने तरी थांबावें, यासाठींच शेतकऱ्यांच्या पिढ्यानपिढ्यांनीं बांध घातले, बोड्या खणल्या, मामा तलाव राखले. गांव वाढलें तशीं जुन्या बांध्यांवर घरें उठलीं. ज्या जमिनीचें सारें कौतुक पाणी धरून ठेवण्यासाठीं, तिच्यावर आतां अंगण आलें आणि त्यांत, मुळांशीं पाणी थांबलेलें मुळींच न खपणारें झाड आलें.

सिल्व्हर ओक मेला कीं दोष हटकून उन्हाला दिला जातो. त्यांत गृहस्थाची चूक आहे असें म्हणवत नाहीं, कारण झाड वाळतें तें मे महिन्यांत, आणि शेजारच्या ब्रह्मपुरीस त्या महिन्यांत पारा ४६-४७ अंशांना भिडतो हें सर्वांनीं वर्तमानपत्रांत वाचलेलें असतें. परंतु मे महिन्यांत वाळलेलें झाड बहुधा आदल्या भाद्रपदांतच मारलें गेलेलें असतें. तें असें. या भागांत वर्षाकाठीं १३०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिकण जमिनींत खणलेला खड्डा म्हणजे मातीचें भांडेंच. भोंवतालचें पाणी त्यांत उतरतें आणि बाहेर पडण्यास वाट नसते. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधील हवा पाण्यानें हांकून दिली कीं तीं गुदमरतात, आणि मग बुरशी त्यांना कुजवूं लागते. वर पाहणाऱ्याला यांतलें कांहीं दिसत नाहीं, कारण पावसाळी हवा दमट आणि आभाळ झांकोळलेलें. उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या मुळांवर झाडाचें भागतें. हिंवाळाही निभावतो. पुढें फाल्गुन-चैत्रांत ऊन चढलें, पानांना दुप्पट-तिप्पट पाणी लागूं लागलें, कीं तें आणून देणारीं मुळें जागेवर नसतात. पानांचीं टोकें करपतात, शेंडा मान टाकतो.

त्याहून वाईट गोष्ट पुढें घडते. मुळें कुजलेलें झाड आणि तहानलेलें झाड हीं बाहेरून अगदीं सारखीं दिसतात. दोहोंचीं पानें पिवळीं पडतात, दोहोंचा शेंडा लोंबतो. घरांतील मंडळी कळवळून सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी ओततात, आणि जीं थोडीं मुळें शिल्लक असतात त्यांचाही अंत होतो. ज्या माणसानें सर्वांत अधिक माया केली त्याचेंच झाड सर्वांत आधीं जावें, हा प्रकार पाहवत नाहीं.

तेव्हां रोप आणण्यापूर्वीं जमिनीची परीक्षा करावी. तिला कांहीं साहित्य लागत नाहीं. आषाढांत दोन-चार दिवसांची झड लागून गेल्यावर, जेथें झाड लावावयाचें तेथें दोन फूट खोल खड्डा घ्यावा आणि तो पाण्यानें कांठोकांठ भरावा. दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत पाणी जिरून गेलें तर जागा योग्य. तळाशीं वीतभर पाणी उरलें तर उपाय करून पाहण्यासारखी. खड्डा जसाच्या तसा भरलेला असला तर तेथें सिल्व्हर ओक लावण्याचा विचार सोडून द्यावा. धानकरी बांधवांना हें वेगळें सांगावयास नकोच. कन्हार कोणती आणि मुरमाड बरडी कोणती हें त्यांना ढेकूळ हातांत घेतल्याबरोबर कळतें. बरडी जमीन शेताला हलकी ठरते, पण या झाडाला तीच मानवते.

जागा मध्यम असेल तर झाड खड्ड्यांत न लावतां उंचवट्यावर लावावें. चार-पांच फूट व्यासाचा आणि दीड फूट उंचीचा ओटा करावा. त्यांत जागची माती, नदीची भरड रेती किंवा मुरूम आणि चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. रेती केवळ तळाशीं ओतून वर चिकणमाती भरण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे, तिचा उपयोग होत नाहीं, मिसळणेंच हवें. रासायनिक खत, विशेषतः सुपरफॉस्फेट, या रोपाला घालूं नये. ऑस्ट्रेलियाच्या निकस मातींत वाढलेल्या या कुळाला बारीक तंतूंच्या झुबक्यांसारखीं मुळें असतात. मातींतील थोडाथोडका स्फुरद वेंचून घेण्याचें काम तीं करतात. त्यांच्यापुढें स्फुरदाचा ढीग ओतला तर अपायच व्हावयाचा.

रोप घेतांना पुरुषभर उंचीचें पाहून भुलूं नये. लहान पिशवींत फार दिवस राहिलेल्या उंच रोपाचीं मुळें तळाशीं वेटोळीं घालून बसलेलीं असतात, आणि जमिनींत गेल्यावरही तीं वेटोळींच राहतात. असें झाड आठ-दहा वर्षांनीं वाऱ्यानें उन्मळून पडलें कीं त्याचें कारण कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. हात-दीड हात उंचीचें, ताठ खोडाचें रोप घ्यावें. पिशवी कापून टाकावी, गुंडाळलेलीं मुळें हलक्या हातानें सोडवावीं, न सुटणारीं छाटावीं. मृगाचा पाऊस चांगला स्थिरावला कीं लागवड करावी. पिशवींत माती जेथपर्यंत होती तेथपर्यंतच रोप मातींत जावें. खोडाचा बुडखा पुरूं नये. दोन बाजूंस दोन काठ्या रोवून सैल दोरीनें आधार द्यावा आणि वर्षभरानें तो काढून घ्यावा, कारण वाऱ्यानें थोडें हललें म्हणजेच खोड जाड होतें.

पहिले दोन उन्हाळे जपण्याचे. रोज तांब्याभर पाणी देण्यापेक्षां चार-पांच दिवसांनीं एकदां दोन-तीन बादल्या सावकाश सोडाव्या, म्हणजे ओलावा खोल जातो आणि मुळेंही त्याच्या मागें खोल जातात. पाणी देण्यापूर्वीं बोटभर माती उकरून पाहावी. आंत ओल असेल तर परत फिरावें. बुडाभोंवतीं तणसाचें आच्छादन घालावें, मात्र तें खोडाला चिकटूं देऊं नये, नाहीं तर उधईला आयतें घर मिळतें. उधईचा उपद्रव असेल तेथें मातींत निंबोळी पेंड मिसळावी. पश्चिमेच्या उन्हानें कोंवळ्या खोडाची साल तडकते. त्याला गोणपाट गुंडाळणें किंवा चुन्याचा हात देणें पुरेसें होतें. अशा रीतीनें तिसरा पावसाळा निघाला कीं झाड बहुधा आपल्या पायांवर उभें राहतें, आणि मग त्याची वाढ पाहण्यासारखी असते. मार्चपासून मेपर्यंत दांतघासणीच्या आकाराचे नारिंगी तुरे त्यावर येतात. त्यांत मध पुष्कळ. मधमाशा आणि पांखरें दिवसभर हटत नाहींत. तरीही पांचगणींत तें जसें दिसतें तसें येथें दिसेल अशी अपेक्षा ठेवूं नये. थंड डोंगराळ हवा ही त्याची खरी आवड, आणि ती वडशांत विकत मिळत नाहीं.

जागेबाबत दुसरा विचार घराचा. हें झाड सांठ-सत्तर फूट सहज जातें आणि त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. वळवाच्या वादळांत त्या कडाडून मोडतात. खालीं कौलारू छप्पर असेल तर काय होईल तें सांगणें नको. म्हणून घरापासून, विहिरीपासून आणि विजेच्या तारांपासून निदान तीस फुटांचें अंतर हवेंच. कित्येक जण झाड उंच झालेलें पाहून घाबरतात आणि मध्येंच शेंडा उडवितात. तेथून चार-पांच नवे फुटवे निघतात खरे, पण त्यांची पकड वरवरची असते आणि पुढल्या वादळांत तेच प्रथम तुटतात. छाटणी करावयाची ती लहानपणीं, दोन शेंडे फुटले असतील तर एक काढून, आणि खालच्या फांद्या अंगठ्याएवढ्या असतांनाच. जें झाड तोडावेंच लागेल असें लावणें हें आरंभींच टाळलेलें बरें. कारण नगरपरिषदेच्या हद्दींत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी काढल्याशिवाय झाड तोडतां येत नाहीं, मग तें परदेशी असो कीं देशी.

एक सावधगिरी घरांतील लेंकरांसाठीं. या झाडाच्या पाल्याचा व लाकडाच्या भुशाचा कांहीं माणसांच्या कातडीला त्रास होतो. खाज सुटते, पुरळ उठतो. विदर्भांत बिब्बा उतल्यानें काय होतें हें सर्वांना ठाऊक आहे. त्याच धर्तीचें द्रव्य यांत असतें, जरी त्याची तीव्रता बिब्ब्याएवढी नसली तरी. छाटणी करणाऱ्यानें अंगभर कपडे घालावे. फुलांत व फळांत विषारी अंश असल्यामुळें तीं पोरांनीं तोंडांत घालूं नयेत. वाळलेला पाला मात्र पुष्कळ पडतो, उन्हाळ्याच्या तोंडीं तर अंगण भरून जातें, आणि रोज झाडणाऱ्या माउलीचें मत या झाडाविषयीं आधीं विचारून घेतलेलें बरें असतें.

झाड दगावलेंच, तर त्याच जागीं पुन्हां सिल्व्हर ओक लावूं नये. मूळ कारण, म्हणजे सांचणारें पाणी, तेथेंच असतें हें एक. दुसरें असें कीं मोठ्या झाडाखालीं त्याचींच रोपें तग धरीत नाहींत. जुन्या मुळांभोंवतीं तयार होणारें कांहीं द्रव्य त्यांना मारतें, असें क्वीन्सलंडमधील संशोधकांनीं १९६७ सालीं दाखवून दिलें.

मग ज्याच्या अंगणांत पाणी थांबतें त्यानें काय करावें? त्याच्यासाठीं वैनगंगेच्या खोऱ्यांतच एक झाड आहे, तें म्हणजे अर्जुन. नदीनाल्यांच्या कांठीं पाय ओले ठेवून उभें राहण्याची त्याची जन्माची संवय. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणांतून सोडलेल्या पाण्यानें वैनगंगेला महापूर आला आणि कांठच्या धानाच्या बांध्या बुडाल्या. तशा पाण्याचे दिवस काढणें अर्जुनाच्या स्वभावांत आहे. त्याचें खोड गुळगुळीत, करडें-गुलाबी, सालीचे पातळ पापुद्रे सुटून नवी कांति येणारें. शोभेच्या दृष्टीनें तें रुपेरी पानांच्या झाडापुढें कोठेंही उणें नाहीं, हें एकदां चांदण्यांत त्याचें खोड पाहिलेला माणूस कबूल करील.

आणि गंमत अशी कीं, खऱ्या ओकाची आठवण करून देणारा एक धागा या झाडापाशींच सांपडतो. मणिपुरांत आणि हिमालयाच्या कांहीं भागांत ओकाच्या पाल्यावर तसराचे किडे पोसतात आणि त्यांच्या कोशांपासून रेशीम काढतात. वडशाहून फार दूर नसलेल्या आरमोरीच्या परिसरांत ढिवर मंडळी हाच कोसा ऐन आणि अर्जुन यांच्या पाल्यावर पिकवितात. किड्यांची जात थोडी वेगळी, रेशमाचा धर्म एकच. हिमालयांत जें काम ओक करतो, तें झाडीपट्टींत ऐन-अर्जुन करीत आले आहेत.

अर्जुनाचें रोप वन विभागाच्या रोपवाटिकांतून मिळूं शकतें. बियांपासूनही तें करतां येतें. पांच पंखांचीं सुकलेलीं फळें उन्हाळ्यांत झाडाखालून वेंचावीं, दोन-तीन दिवस पाण्यांत भिजत घालावीं, पाणी रोज बदलावें, आणि मृगापूर्वीं पिशवींत एक-एक फळ पेरावें. सारींच उगवत नाहींत, म्हणून हव्या असलेल्या रोपांच्या तिप्पट फळें घ्यावीं. पहिल्या वर्षीं शेळ्यांपासून राखण्यासाठीं कुंपण लागतें. घरापासूनचें अंतर येथेंही मोठेंच ठेवावें, कारण पुढें याचा विस्तार सिल्व्हर ओकाहून रुंद होतो.